तोंडपाठ नजर

नसीमानं माझा डावा तळहात माझ्याच डाव्या डोळ्यावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "सर, वरून सुरुवात करा."

समोर वीस फुटांवर अक्षरांची पेटी उजळलेली होती. म्हणजे असावी. मला नुसता एक पांढरा चौकोन दिसत होता आणि तोही कडेकडेनं सांडत होता. उजव्या हाताला खुर्च्यांवर चाळीसेक डॉक्टर बसले होते, कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून आलेले. पाठीमागच्या पडद्यावर माझ्या उजव्या डोळ्याचा फोटो ताटाएवढा करून लावला होता. माझ्या अंगावर लग्नातला कोट होता. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि पोटानं त्या दहाही वर्षांचा हिशेब ठेवला असल्यामुळे कोटाची बटणं लागत नव्हती. पण फोटोत कोट चांगला दिसतो, असं माझं म्हणणं होतं.

डॉ. सबनीस माइकवर सांगत होते, की केरॅटोकोनसच्या एकतीस पेशंटवर त्यांनी बुबुळावरची काच बदलण्याचं ऑपरेशन केलं, आणि त्या एकतिसांत सगळ्यांत उत्तम निकाल समोर बसलेल्या मगदूम सरांचा. हे शेवटचं वाक्य ते मराठीत बोलले, मला कळावं म्हणून. मी मान लववली. शाळामास्तराला 'निकाल' हा शब्द ऐकला की बरं वाटतं.

आता हा उत्तम निकाल तिथंवर कसा पोचला, ते आधी सांगायला हवं.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. गडहिंग्लजच्या बाजूला एका हायस्कुलात इतिहास शिकवायचो. कॉलेजात असतानाच मला एकाचे दोन दिसायला लागले होते, आणि मग दोनाचे चार. पौर्णिमेला लोक एक चंद्र बघायचे, मला पाच-सहा चंद्रांचा घोस दिसायचा. मी डोळे चोळायचो. जितकं कमी दिसायचं तितकं जास्त चोळायचो. चोळण्यानंच हा आजार बळावतो, बुबुळावरची पारदर्शक काच पातळ होत होत सुळक्यासारखी पुढं येते, हे ज्ञान मला फार उशिरा झालं. तोवर मी इमानेइतबारे दोन्ही डोळे चोळून ठेवले होते.

नोकरी लागताना सरकारी दवाखान्यातून तब्येतीचा दाखला आणायचा होता. नजर तपासायला रांग होती आणि माझ्यापुढं अकराजण. तक्ता एकच. अकराजणांनी तो एकामागून एक मोठ्यानं वाचला आणि मी लहानपणापासून पाठांतराच्या स्पर्धेत पहिला येणारा माणूस. पाचव्या माणसालाच माझं काम झालं होतं, पुढचे सहाजण उजळणीला उपयोगी पडले. माझा नंबर आला तेव्हा मी तक्त्याकडं तोंड करून सगळं घडाघडा म्हटलं. दाखल्यावर 'दृष्टी उत्तम' असा शिक्का बसला.

शाळेत पोरं मला घार म्हणायची. परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या नजरेतून एक कॉपी सुटत नाही, अशी ख्याती होती. खरं सांगायचं तर मला दिसत काहीच नव्हतं. मी कानानं पकडायचो. कागद उलगडला की आवाज होतो, आणि कागद लपवला की पोरगा श्वास धरतो. श्वास धरला की मी सरळ त्या बाकाकडं चालू लागायचो आणि हात पुढं करायचो. बारा वर्षांत मी किती पोरांना हॉलबाहेर काढलं असेल, त्याची मोजदाद नाही. बाहेर काढताना वर भाषणही द्यायचो. खोटे मार्क आयुष्यभर पुरत नाहीत, वगैरे.

असं करत करत फळ्यावरचं माझंच अक्षर मला दिसेनासं झालं तेव्हा माझी बायको राजमती मला हाताला धरून डॉ. सबनीसांकडं घेऊन गेली. कडक लेन्स घालून झाल्या, त्या सुळक्यावर ठरेनात. खडूच्या धुळीनं डोळ्यातून पाणी वाहायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, काच बदलावी लागेल, कुणीतरी नेत्रदान केलं की फोन करतो. उजव्या डोळ्याचं आधी, ते नीट बसलं की डाव्याचं. एका मंगळवारी सकाळी फोन आला. कोण गेलं, कुठलं, काही विचारायचं नसतं. ऑपरेशन झालं, सोळा टाके पडले, वर्षभरानं ते टप्प्याटप्प्यानं निघाले, चष्मा लागला, आणि एके दिवशी नसीमानं मला पेटीसमोर बसवलं.

नसीमा नजर तपासायची. शांत मुलगी, फार बोलायची नाही. तक्त्यावर सात ओळी होत्या. मी पहिल्या चार वाचल्या. खरोखर वाचल्या, डोळ्यांनी. एका अक्षराचं एकच अक्षर दिसत होतं, आणि मी तिथं खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो, त्याची मला आजही लाज वाटत नाही.

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. डॉक्टर आत आले, म्हणाले, "वा, चौथी झाली. पाचवी?" आणि माझ्याकडं असे बघायला लागले, की शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढं पोरगं चांगलं उत्तर देईल अशा आशेनं मी बघतो ना, अगदी तसे. पाचवी ओळ धूसर होती. पण बाहेर बाकावर तीन तास बसून ती मी इतर पेशंटांच्या तोंडून नऊ वेळा ऐकली होती. मी म्हटली. मग सहावीही म्हटली. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आईवडील गेल्यापासून माझ्या पाठीवर कुणी थाप मारली नव्हती.

झालं. एकदा पहिल्या नंबरावर आलेल्या माणसाला चौथ्या नंबरावर उतरता येत नाही. दर महिन्याला तपासणी, दर महिन्याला सहा ओळी. सहावी ओळ होती ग, ट, र, स, प. तिच्यासाठी मी वाक्य बसवून ठेवलं होतं: गणू टमटममधून रविवारी सांगलीला पळाला. सातवी ओळही मला पाठ होती, पण ती मी मुद्दाम सोडायचो. पैकीच्या पैकी मार्क घेतले की संशय येतो, हे मी पोरांच्या कॉप्या पकडूनच शिकलो होतो.

डॉक्टर इतके खूश होते, की नव्या पेशंटना धीर द्यायला मला बोलवायचे. ऑपरेशननंतर घ्यायच्या काळजीचं एक कार्ड असायचं. मी ते भरवर्गात वाचावं तसं सगळ्यांना वाचून दाखवायचो: डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, किंवा धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. बसवलेली काच शरीर नाकारतंय याच्या या खुणा असतात. एक दिवसही थांबू नका. 'एक दिवसही' म्हणताना मी बोट वर करायचो. ते कार्ड मी प्लॅस्टिकमध्ये घालून आमच्या स्वयंपाकघरात घड्याळाखाली लावलंही होतं.

त्या कार्यक्रमाच्या आधीच्या सोमवारी सकाळी मी उठलो आणि घड्याळ दिसेना. घड्याळाखालचं कार्डही दिसेना.

मला वाटलं धुकं पडलंय. मार्च महिना होता. राजमतीनं माझी हनुवटी धरून खिडकीकडं वळवली आणि म्हणाली, "डोळा लाल हाय. चला, आवरा. नऊची एसटी मिळंल."

मी म्हणालो, झोप झाली नाही म्हणून झालं असेल. मंगळवारी म्हणालो, धूळ गेली असेल. बुधवारी उजेडानं डोळ्यात टाचण्या टोचायला लागल्या, तेव्हा मी गॉगल लावला आणि शाळेत गेलो. मुलं म्हणाली, सर हिरो दिसतात. मला तेही आवडलं.

राजमती काही बोलायची नाही, नुसती भिंतीवरच्या कार्डावर बोट ठेवायची. सकाळी चहा देताना ठेवायची, जेवताना ठेवायची. गुरुवारी मी तिला समजावलं, की शनिवारी आपण जाणारच आहोत. चाळीस डॉक्टर येणार आहेत, डॉक्टरांनी माझ्या डोळ्याचा फोटो लावलाय, मुख्याध्यापकांनी कर्तव्यरजा दिलीय. आता आदल्या दिवशी जाऊन डोळा खराब झाला म्हणून सांगायचं? त्या माणसाची चारचौघांत शोभा करायची? कार्यक्रम झाला की लगेच, पाचव्या मिनिटाला सांगतो. पाच दिवसांत काय होतंय.

"पाच दिवसांत काच जाती," ती म्हणाली. "तुम्हीच सांगताय लोकास्नी."

"मी सांगणार आहे म्हटलं ना."

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार."

तेव्हा मी ते केलं, जे शिकल्यासवरलेल्या माणसानं करू नये. मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, की माझ्या डोळ्याबद्दल दवाखान्यात कुणापुढं एक शब्द काढायचा नाही. आमच्याकडं नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर त्याचंच वाईट होतं, असं मानतात. मी एरवी वर्गात अंधश्रद्धेवर तास घ्यायचो. त्या दिवशी मात्र मला ती फार सोयीची वाटली. राजमतीनं हात काढून घेतला आणि ती माझ्याशी बोलायचीच थांबली.

शनिवारी नसीमानं कार्यक्रमाच्या आधी तपासायला लवकर बोलावलं होतं. मी उशिरा गेलो. एसटी चुकली म्हणून सांगितलं. एसटी काही चुकली नव्हती, मी स्टँडवर दोन कप चहा घेत वेळ काढला होता, आणि समोर राजमती चहा न घेता बसली होती.

तर असा मी, बटणं न लागणारा कोट घालून, चाळीस डॉक्टरांपुढं खुर्चीत बसलो होतो.

पेटी तपासणीच्या खोलीतून उचलून हॉलमध्ये आणली होती. तिची वायर भिंतीच्या कडेनं नेऊन पहिल्या रांगेच्या टोकाला बटणात लावली होती. त्या टोकाच्या खुर्चीवर राजमती बसली होती. निदान मला तिची हिरवी साडी तिथं असल्याचा भास होत होता.

मी सुरुवात केली. पेटीचा उजेड सरळ डोळ्यात घुसत होता, म्हणून मी डोळा इतका बारीक केला, की तो मिटलेलाच म्हणा. गायक मंडळी वरचा सूर लावताना मिटतात तसा. पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसरीला मी मध्ये जरा थांबलो, अडखळल्यासारखं केलं, कारण फार सफाईनं म्हटलं तर बरं दिसत नाही. पाचवीला मागून कुणीतरी "व्हेरी गुड" म्हणालं. मला हुरूप आला. मी सहावी सुरू केली. ग. ट. र. स. प.

टाळ्या पडतील म्हणून थांबलो. पडल्या नाहीत.

मला वाटलं, आवाज लहान झाला असेल. पुन्हा मोठ्यानं म्हटलं, एकेक अक्षर सुटं करून, पहिलीच्या वर्गाला शिकवतात तसं. आणि हॉल इतका शांत होता, म्हणून म्हटलं आज सातवीचंही उद्यापन करून टाकू. सातवी निम्मी झाली असेल नसेल, तोच कुणाच्या तरी खुर्चीचा पाय फरशीवर घासला आणि एक वयस्कर आवाज म्हणाला, "सबनीस, पेटी बंद आहे."

मी डोळा उघडला. पांढरा चौकोन नव्हता.

"कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिसऱ्या ओळीपासून," तो आवाज म्हणाला. "आधी वाटलं, तुम्हीच मुद्दाम बंद करायला लावलीय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. मी बारा वर्षं ज्या शांततेत पोरांच्या बाकापर्यंत चालत गेलो होतो, ती शांतता आज माझ्या बाकापर्यंत आली होती. मी श्वास धरून बसलो.

डॉक्टर माझ्याजवळ आले. त्यांनी माझी हनुवटी वर केली, खिशातली छोटी बॅटरी डोळ्यावर मारली. मी ओरडलो, इतका तो उजेड टोचला. त्यांनी बॅटरी विझवली. मग विचारलं, "सर, किती दिवस?"

मी कोटाची बटणं लावायला लागलो, ती लागेनात. डॉक्टरांनी राजमतीकडं बघितलं. ती भिंतीच्या बटणाशी उभी होती, अजून बटणावर हात होता. ती एक अक्षर बोलली नाही. तिनं बटणावरचा हात काढला आणि पाच बोटं वर केली.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी माइकवर सांगितलं, की या पेशंटचा निकाल मी चुकीचा दाखवला, तो माझ्या शोधनिबंधातून काढून टाकतोय. आणि भाषण अर्धवट सोडून ते मला शेजारच्या खोलीत यंत्रासमोर घेऊन गेले. हनुवटी टेकवून मी बसलो. त्यांनी बराच वेळ बघितलं. नाकारायला सुरुवात झाली होती. काच सुजली होती, पण पूर्ण गेली नव्हती. आजपासून तासातासाला औषधाचे थेंब, शिवाय इंजेक्शनं, आठवडाभर इथंच राहायचं. वाचली तर वाचली.

मी म्हणालो, "डॉक्टर, तुमचा कार्यक्रम..."

"कार्यक्रम खड्ड्यात गेला," ते म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदाच रागावलेलं पाहिलं. "मी तुम्हाला चांगलं दिसावं म्हणून ऑपरेशन केलं होतं, सर. मला चांगलं वाटावं म्हणून नव्हतं केलं."

त्यांनी यंत्राचा दिवा विझवला. मग म्हणाले, "थोडं माझ्यासाठीही केलं असेल. नाहीतर वर्षभर एकच तक्ता ठेवून मी तुमच्या सहा ओळी ऐकत बसलो नसतो."

मी दवाखान्यातल्या कॉटवर पडून राहिलो. राजमती तासातासाला थेंब घालायची, पाणी द्यायची, जेवणाचं विचारायची, पण डोळ्याबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं, लाली कमी वाटते का, तर उठून खिडकीशी जायची. आधी मला वाटलं रागावलीय. रविवारी दुपारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्याची हद्द अजून संपली नव्हती आणि शपथ माझ्या डोक्यावरची होती. बाईनं बटण दाबलं, बोटं दाखवली, पण शपथ मोडली नव्हती. माझ्या डोळ्याचा जीव जात असताना ती माझ्या डोक्याचाही जीव सांभाळत होती.

मी म्हणालो, "सुटली."

"काय सुटली?"

"शपथ. सुटली म्हणतो. बोल आता."

ती कॉटच्या कडेला बसली. मला वाटलं, आता भडका उडेल आणि मला तो हवाच होता. पण ती हळू आवाजात बोलली.

"त्या मंगळवारी फोन आला तेव्हा तुम्ही आंघोळ करत होता. फोन मी घेतला. मागं कुणीतरी रडत होतं. डॉक्टर त्यांच्याच दारातनं बोलत असतील. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हटलं तुम्हाला लागून राहील." तिनं पदरानं थेंबांच्या बाटलीचं टोपण पुसलं. "घरात माणूस गेलेलं असताना त्या लोकांनी हा डोळा काढून दिलाय. वस्तू दुसऱ्याची हाय. तुम्हाला ती जपायला दिली होती, मिरवायला न्हवं."

मग ती रडली. मीही रडणार होतो, पण ऑपरेशनच्या डोळ्याला रडणं बरं नाही, असं तिनंच सांगितलं, आणि मला थेंब घातले.

आठ दिवसांनी सूज उतरायला लागली. घरी सोडलं तरी थेंब चालू होते. सहा आठवडे मी शाळेत गेलो नाही. रोज सकाळी उठलो, की घड्याळ दिसतंय का बघायचो. आधी नुसता गोल दिसला, मग काटे, मग एके दिवशी आकडे. काच वाचली होती. पण काट्यांना अजून सावल्या होत्या, आणि त्या वर्षभर होत्याच, हे मी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

दरम्यान डॉक्टरांनी एक उद्योग केला होता. एकतीसही पेशंटना परत बोलावून त्यांनी नवे तक्ते लावून नजर तपासली. माझ्यासारखे आणखी चौघे निघाले. एक निवृत्त फौजदार होते, एक भजनीबुवा, एक दुकानदार आणि कागलच्या एक आजी. आजींनी तर विचारल्यावर सरळ सांगितलं, की डॉक्टर पोरगं एवढं राबतंय, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं. डॉक्टरांच्या शोधनिबंधातले आकडे खाली आले. तो त्यांनी तसाच छापायला पाठवला.

सहा आठवड्यांनी मी पुन्हा नसीमासमोर बसलो. राजमती शेजारी होती. पेटीत नवा तक्ता होता. रांगेत बसायचं नाही म्हणून मला सगळ्यांत आधी आत घेतलं होतं. माझी पत आता एवढीच उरली होती, आणि तक्रार करायला मला जागा नव्हती.

पहिली ओळ वाचली. दुसरी, तिसरी वाचली. तिसरीला एक अक्षर सावलीमुळं डबल दिसलं.

"चौथी?" नसीमा म्हणाली.

मी बघितलं. चार अक्षरं असावीत, पाचही असतील. तोंडात काहीतरी यायला लागलं, सवयीचं. जीभ टाळ्याला लावून मी ते गिळलं. डॉक्टर दारात उभे होते. त्यांच्यासमोर हे म्हणणं मला लग्नात मंगलाष्टकं म्हणण्यापेक्षा अवघड गेलं.

"दिसत नाही," मी म्हणालो.

वर्षभरापूर्वी होती त्याहून एक ओळ कमी. मला वाटलं, संपलं. डॉक्टर आता मान हलवतील, वहीत लिहितील आणि पुढच्या पेशंटला बोलावतील. तसं काही झालं नाही. डॉक्टर आत आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि नसीमाला म्हणाले, "लेन्सांची पेटी आण."

नसीमानं माझ्या नाकावर एक जड, रिकामी चौकट चढवली आणि तिच्यात एकेक भिंग सरकवायला लागली. हे बरं की ते बरं? ते. आता हे की ते? पहिलं. भिंग थोडं तिरकं फिरवलं. आता? डॉक्टर सांगत होते, की बदललेल्या काचेला बहुतेकदा वाकडेपणा राहतो. टाके निघाल्यावर तो मोजून, तसा चष्मा किंवा खास लेन्स द्यायची असते. तेच तर ऑपरेशननंतरचं खरं काम. माझ्या बाबतीत पहिल्या साध्या चष्म्यानंतर त्यांनी ते पुढं नेलंच नाही. सहा ओळी वाचणाऱ्या माणसाला आणखी काय द्यायचं?

"म्हणजे गेल्या वर्षीच..." राजमती म्हणाली.

"गेल्या वर्षीच," डॉक्टर म्हणाले.

मी वर्षभर धुक्यात बसून पहिला नंबर राखला होता.

नसीमानं आणखी एक भिंग घातलं आणि हलकेच फिरवलं. समोरच्या पांढऱ्या चौकोनात काहीतरी सरकलं. सावल्या अक्षरांच्या पोटात शिरल्या आणि अक्षरं काळी, सुटी, एकेकटी उभी राहिली. मी चौथी ओळ वाचली. नसीमानं वहीत टिपलं, मी पाचवीवर गेलो. ही ओळ मी जन्मात कधी ऐकली नव्हती. पुढं काय येणार, मला माहीत नव्हतं. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला मी इतका वेळ घेत होतो, की पहिलीतलं पोर मला मागं टाकून गेलं असतं.

"च," मी म्हणालो. "न. ळ... हो, ळ. द. आणि शेवटचं... घ."

नसीमानं तक्त्याकडं बघितलं, मग वहीकडं. "शेवटचं चुकलं, सर," ती म्हणाली. "ध आहे."

मी डॉक्टरांकडं बघितलं. ते इतके मनापासून हसले, की खुर्ची मागं सरकली.

"चुकले ना?" ते नसीमाला म्हणाले. "मग लिही. आज सर वाचतायत."